खुर्चीकाकांचं बंद दुकान

खुर्चीकाकांना जन्मापासून दिसत नव्हतं, पण त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती बसून खाण्याबद्दल. बहिणीच्या घरात त्यांना कधी कुणी वावगा शब्द बोललं नव्हतं. दाजी तर जेवायला त्यांच्यासाठी ताटकळत बसायचे. पण खुर्चीची फाटकी बैठक वेताने विणण्यात ज्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्या माणसाला दुसऱ्याच्या जिवावरचा घास गोड कसा लागावा?

म्हणून चार लोकांनी मिळून त्यांना दुकान थाटून दिलं, तेव्हा काका आदल्या रात्री झोपलेच नाहीत. वाचनालयाने गल्लीच्या बाजूची खोली सहा महिने बिनभाड्याने दिली. सुतारांच्या संघटनेने हत्यारं दिली. व्यापारी मंडळाने पाटी रंगवून दिली आणि वर सल्ला दिला, तोही सढळ हाताने, कारण सल्ल्याला कुठे पैसे पडतात! अट एकच होती. सहा महिन्यांत दुकान स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर खोली काकांची, नाहीतर रांगेतल्या पुढच्या गरजूची.

संघटनेचे सुतारमिस्त्री आपल्याकडच्या एकदोन खुर्च्या पाठवायचे, तेवढंच काम. रस्त्यावरचं गिऱ्हाईक काही आत पाऊल टाकेना. गल्ली दिवसभर सुस्त असायची, माणसं कामावरून सुटली की जागी व्हायची. काका दार लोटून, वेत भिजवून, वेत अडकवायच्या लाकडी खिळ्या ठोकत बसायचे. बाहेर पावलं वाजायची, दाराच्या काचेपाशी थबकायची आणि पुढे जायची.

त्या थबकण्याचा अर्थ काकांनी आपल्यापुरता लावून टाकला होता. माणसं पाटी वाचून येतात, काचेतून आत बघतात, हा आंधळा चाचपडत काय काम करणार म्हणतात आणि जातात. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बहिणीने विचारलं की म्हणायचे, "चाललंय." आतून मात्र माणूस पार खचला होता.

वाचनालयाच्या बाई दुपारी डोकवायच्या आणि बरं वाटावं म्हणून काहीबाही बोलायच्या. मंडळाचे सल्लागार सकाळी यायचे. आधी त्यांनी पाटीचा रंग बदलायला लावला, मग दर कमी करायला, मग दारात नमुन्याची खुर्ची ठेवायला. गिऱ्हाईक तरीही ढिम्म. थंडीचे दिवस आले, मुदत सरत आली, आणि एका संध्याकाळी काकांनी ठरवलं की कुणी खोली काढून घेण्याआधी आपणच किल्ली द्यावी. ते हत्यारं पिशवीत भरायला लागले.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"कोण आहे रे आत?" आवाज दरडावणीचा होता.

"मी आहे. दुकानदार."

"मग अंधारात काय करताय?"

काका गोंधळले. "अंधार आहे?"

आलेला माणूस पलीकडच्या गोदामावरचा चौकीदार होता, पाळीवर निघालेला. त्याने बॅटरी काकांच्या तोंडावर मारली. काकांनी पापणीसुद्धा लववली नाही, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि आवाज एकदम खाली आला. "अहो काका, ठार अंधार आहे. मी रोज बघतो, लोक काचेपाशी येतात, आत काळोख दिसतो, बंद आहे म्हणतात आणि जातात. घरची खुर्ची फाटलीय म्हणून मीही दोनदा आलो आणि परत गेलो. आज खुडबुड ऐकली, म्हटलं चोर शिरला."

"म्हणजे त्यांना मी दिसलोच नाही?"

"काळोखात कोण कुणाला दिसतं?"

काका मटकन खुर्चीत बसले आणि पोट धरून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्यांना झालं. नको म्हणून कुणी गेलंच नव्हतं. दिव्याचं बटण वेताच्या भाऱ्यामागे सापडलं. चौकीदाराने काकांचं बोट धरून त्यावर टेकवलं.

दुसऱ्या दिवशी ही हकिगत ऐकून मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. घरी बहीण दिवे लावायची, इथे मदत करणारे सगळे दिवसाउजेडी यायचे आणि दिवसाउजेडीच जायचे. मग दिव्याची आठवण कुणाला होणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा! सल्लागार तर आणखी मोठी पाटी करायच्या बेतात होते. बाईंनी बटण दाराशेजारी बसवून घेतलं आणि मंडळींनी ठरवलं की यापुढे कुणालाही दुकान काढून दिलं, तर आपल्यातल्या एकाने संध्याकाळचं तिथे जाऊन बसायचं, सल्ला न देता. ही शेवटची अट सल्लागारांना जरा जड गेली.

खोली काकांचीच राहिली. आता तिथे दुरुस्तीच्या खुर्च्या इतक्या साचल्यात की बसायला खुर्ची मिळत नाही. गल्लीत पावलांची वर्दळ वाढली की काका उठतात, दाराशी जातात आणि बटण खट्‌कन दाबतात. मग कामाला लागतात. काचेपाशी कुणी थबकलं की पूर्वी ते मान खाली घालून गप्प राहायचे.

"या ना," आता ते म्हणतात, "उघडंच आहे."