जमिनीवर दिसलेलं जहाज

माझा धाकटा भाऊ ज्या मालवाहू जहाजावर नोकरीला होता, त्याचा कप्तान एक म्हातारा रशियन होता. तरुणपणी तो आपल्या देशाच्या नौदलात दिशादर्शक अधिकारी होता. जहाज आत्ता कुठे आहे आणि कुठून न्यायचं, हे ठरवणं त्याचं काम. त्याला मी कधी पाहिलं नाही. पण त्याचं अर्धं आयुष्य मला पाठ आहे. भाऊ फोनवर त्याच्याबद्दलच बोलायचा.

कप्तानही आमच्या साखरा गावासारख्या कोरड्या मुलखातला. माळ, मेंढ्या, आणि समुद्र आगगाडीने चार दिवसांवर. नौदलाच्या शाळेत गेला तेव्हा पोहताही येत नव्हतं. पहिल्या सफरीत सूर्याची उंची मोजून त्याने जहाजाची जागा काढली, ती चुकली. वरिष्ठाने ते गणित त्याच्याच खोलीच्या दारावर चिकटवलं आणि वर्षभर काढू दिलं नाही.

"तवापासून म्हातारा कशावरबी इश्वास ठेवत न्हाई, ताई. आता सगळं यंत्र सांगतं, तरी रोज दुपारी सूर्य मोजतो. पोरं हसतात."

"अन् तू?"

"मी बी हसतो. मंग जाऊन त्याच्याजवळ उभा राहतो."

मी तालुक्याच्या वाचनालयात काम करते. तिथून रद्दीत निघालेला जगाचा नकाशा मी घरी भिंतीवर लावला होता. भाऊ रोज अक्षांश-रेखांश पाठवायचा, मी पेन्सिलीने ठिपका द्यायचे. आईला वाचता येत नाही. निळं म्हणजे पाणी, एवढं तिला कळायचं. जहाज काळ्या समुद्राकडे निघालं आणि तिथे लढाई चालू आहे हे तिने ऐकलं, तेव्हा ती बिरोबाला बकरं बोलली. लेकरू पाण्याबाहेर आलं की देईन. आमच्यात ज्याच्यासाठी नवस, त्याने बकऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचा असतो.

एका सकाळी आलेले आकडे मी तीनदा तपासले. ठिपका किनाऱ्यापासून बराच आत पडत होता. आई मागे उभी होती.

"हे तर पिवळ्यात हाय. उतरलं का लेकरू?"

"ठिपका तर जमिनीवर हाय," मी म्हणाले.

वाचनालयात गेल्यावर भावाला लिहिलं, काहून रे, जहाज रानात घातलं का? दुपारी त्याने आवाजात भरून पाठवलेला निरोप आला.

"हसू नको, ताई. कुणीतरी जागा सांगणारा सिग्नल बिघडवून राहिलं. यंत्र म्हणतं, आमी विमानतळावर हाव. म्हाताऱ्यानं यंत्र बंद केलं, आता डोळ्यानं बघून चाललो. तकलीफ एवढीच, पाण्यात सुरुंग हायेत अन् मोकळी वाट अरुंद हाय. आईला सांगू नको."

संध्याकाळी घरी आले तर अंगणात भावकी जमली होती. बकऱ्याला हळद लावून झाली होती.

"अन् हात कोण ठेवणार?" चुलते विचारत होते.

"पोरगं उतरलंय. यायला दिस लागतील. तवर देवाला काहून ताटकळत ठेवू? ही ठेवंल. एकाच कुशीतली हाय."

"नवस पोराचा अन् हात पोरीचा! देवालाच गंडवून राहिली, वैनी!"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. कित्येक दिवसांनी हसली. मी हात ठेवला. बकऱ्याची पाठ गरम होती आणि कातडीखाली काहीतरी सारखं थरथरत होतं.

चौथ्या दिवशी कंपनीतून फोन आला. जहाज सुरुंगावर गेलं होतं. भाऊ आणि कप्तान जहाज चालवायच्या खोलीत, काचेपाशी होते. दोघेही सापडले नाहीत.

आईने बिरोबाचं नाव सोडलं. देवळाच्या वाटेने जायची वेळ आली तर ती बांधावरून वळसा घालून जायची. "घेतलं अन् फसवलं," एवढंच म्हणायची. महिनाभर मी ते ऐकलं. मग एका दुपारी ती ज्वारी निवडत बसली असताना सांगितलं.

"देवानं न्हाई फसवलं, आई. तो पाण्यातच होता. ठिपका खोटा होता."

"तुला कवा कळलं?"

"त्याच दुपारी. हात ठेवायच्या आधी."

तिची बोटं थांबली नाहीत. खडे बाजूला पडत राहिले. ती म्हणाली, "मंग तू हात ठेवला नसता, तर देवानं त्याला हात ठेवायला आणलं असतं."

आता ती रोज बिरोबाला जाते. माझ्याशी कामापुरतं बोलते.