टोकं गाळलेला तक्ता

"मधला आकडा एकट्याने बाहेर पाठवू नये," असं तो उठता-बसता म्हणायचा. पाहणी कचेरीत एकतीस वर्षं तो तक्ते बसवत आला. माणसं घरोघर हिंडून प्रश्न विचारून यायची, कागदांचे गठ्ठे त्याच्या टेबलावर पडायचे. शंभरात इतक्यांनी हो म्हटलं, एवढं लिहून त्याचा हात थांबत नसे. त्या आकड्याच्या डाव्या-उजव्या अंगाला तो आणखी दोन आकडे बसवायचा. खरी गोष्ट इथून तिथवर कुठेही असू शकते, हे सांगणारी ती दोन टोकं.

बोलण्यातही तेच. घरी कधी निघणार विचारलं, की म्हणे, "सहाला, दहा मिनिटं मागेपुढे." म्हणून कचेरीने त्याचं नावच मागेपुढे ठेवलं. चहावाला रोज छळायचा, "साखर किती? एक ते तीन चमचे?" तो हसायचा आणि दोन बोटं दाखवायचा.

सात वर्षांपूर्वी नवे साहेब आले. तक्ता पानात मावत नाही म्हणून कुरकुरले. तेव्हा मागेपुढेनेच सुचवलं, "टोकांचे रकाने शेवटी, जोडपत्रात टाकू." पान देखणं झालं. साहेबांनी पाठ थोपटली, तर गडी आठवडाभर हवेत होता. पुढच्या वर्षी कागद वाचवायला जोडपत्र छापणंच बंद झालं. तक्रार न करता तो टोकं आपल्या वहीत लिहून ठेवू लागला.

मग एके दिवशी त्याच्या ताईच्या वस्तीतल्या दवाखान्याची फाईल आली. एक खोली, एक नर्स, वाफ द्यायचं एक यंत्र. ताईचा दमा त्या यंत्रावर आटोक्यात राहत होता, आठवड्यातून दोनदा. आई गेल्यावर याच ताईने त्याला वाढवलं होतं, चिंचोके मांडून मोजायला शिकवलं होतं. नियम असा होता, की शंभरात निदान तीस घरं तरी दवाखान्यात जात नसतील तर दवाखाना बंद. दोनशे घरांना विचारलं होतं. चोपन्न घरं हो म्हणाली. शंभरात सत्तावीस.

तो वही घेऊन साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, सत्तावीस खरं, पण एकवीस ते तेहतीस. तीस त्याच्या आतच आहे. आणखी सहाशे घरांना विचारू या."

"मागेपुढे, दार एक तर उघडं असतं, नाही तर बंद. मला एक आकडा हवा."

"पण टोकं..."

"तक्त्यात कुठे आहेत टोकं?" साहेबांनी पान त्याच्याकडे फिरवलं. "हा तक्ता तुम्हीच बसवलात ना?"

त्याने पानाकडे पाहिलं. पान खरंच देखणं होतं.

दवाखान्याला कुलूप लागलं, त्या दुपारी तो ताईकडे गेला. ती खिडकीशी उशांना टेकून बसली होती. त्याने सगळं सांगितलं, रकाने कोणी काढले तेही.

"माझ्या दारी तर कोणी विचारायलाच आलं नाही रे," ती म्हणाली.

"चिठ्ठ्या टाकून घरं निवडतात, ताई. तुझं निघालं नाही."

"म्हणजे मी मोजण्यातच नाही. बरं झालं, तेवढंच वय लपलं." ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. तो पाठ चोळत राहिला. दम परतल्यावर तिने विचारलं, "हे एकवीस ते तेहतीस म्हणजे काय, नीट सांग."

"सगळ्या वस्तीला विचारलं असतं तर जो आकडा आला असता, तो मासा समज. तो जागचा हलत नाही. आपण वरून जाळं टाकतो. दर खेपेला दुसरी दोनशे घरं, म्हणून जाळं थोडं इकडेतिकडे पडतं. शंभर खेपा टाकलं, तर पंच्याण्णवदा तरी मासा आत असतो."

"आणि या खेपेला?"

"ते कोणालाच सांगता येत नाही. बंद करा असं तो कागद म्हणत नव्हता. उघडं ठेवा असंही नाही. अजून विचारा, एवढंच म्हणत होता."

तिने बोटांवर हिशेब केला. मग हळूच म्हणाली, "सहाच घरं कमी पडली ना? सहा कागदांवर नाहीचं हो केलं असतंस तर?"

"मनात आलं होतं."

"मग?"

"हात उचलला नाही."

"माहीत आहे मला. मीच वाढवलाय तुला." तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला. "पण रकाने काढताना बरा उचलला."

तिच्या बोलण्यात राग असता, तर त्याला सोसलं असतं.

मोठं इस्पितळ दोन बस पलीकडे होतं. "परवा सुट्टी काढतो, तुला घेऊन जातो," तो म्हणाला.

"किती वाजता येशील?"

"नऊला." एवढंच म्हणून तो थांबला. ताईने वाट पाहिली, पण पुढचे शब्द आले नाहीत.

त्याने चपला घातल्या. गल्लीतून जाताना दवाखान्यासमोर क्षणभर उभा राहिला, कुलूप हलवून पाहिलं आणि वही काखेत मारून चालू लागला. परवाचा दिवस ताईने पाहिला नाही. पण त्या दुपारी खिडकीच्या गजांना धरून, दम लागला तरी न बसता, तो वळणाआड जाईपर्यंत ती त्याच्या पाठीकडे बघत होती.