खारातल्या भातासाठी पावसला

रत्नागिरीला जायचं ठरलं ते प्रयोगशाळेतल्या डुगडुगत्या स्टुलावर बसून, आणि त्याला कारणीभूत झाले आमचे शिपाई शंकरराव.

साल एकतीसचं. मी पुण्यात एम.एस्सी.साठी वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होते. भाताचं रोप खाऱ्या पाण्यात किती तग धरतं, हा माझा विषय. रत्नागिरीकडे खाडीकाठी बांध घालून समुद्राकडून हिसकावून घेतलेली शेतं आहेत. त्यांना तिकडे खार म्हणतात. आमचं भात खाऱ्या पाण्यात उभं राहतं, असं तिथले शेतकरी पिढ्यानपिढ्या सांगत आलेले. तिथल्या पावस गावच्या सहा घरांतून एका कचेरीमार्फत बियाणं मागवून मी ते कुंड्यांत पेरलं, मोजून मीठ घातलं आणि दीड वर्षात दोनदा तेच पाहिलं. आठ दिवसांत रोपं पिवळी पडायची आणि मरायची. शेतकऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही, असा निष्कर्ष निघाला. निबंध छापायला जाणार होता, वर माझं नाव होतं, आणि त्याच्या आधारावर खारांतलं जुनं बियाणं बंद करून बाहेरचं द्यायचं घाटत होतं.

शंकरराव मूळचे पावसचे. बियाण्याच्या उरलेल्या पुड्या आवरताना त्यांनी एक दाणा नखानं सोलला आणि माझ्यापुढे धरला.

"ताई, ह्ये पांढरं हाय. आमच्या खारातलं तांबडं असतं."

माझे मार्गदर्शक सर हसले. "शंकर, आता तू प्रबंध लिही," म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही. दीड वर्ष मी त्या भाताशी संसार केला होता. पेरलं, मोजलं, वजन केलं, मारलंसुद्धा. पण एक दाणा सोलून पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी सरांना सांगितलं की मी स्वतः जाऊन बघणार. निबंध महिनाअखेरीला जाईल, तेवढ्यात काय ते उरकून ये, एवढंच ते म्हणाले.

एकटीला कोणी सोडेना, म्हणून आत्या बरोबर निघाली. आत्याला समुद्राची भीती, बोटीचा तिटकारा आणि माझ्या शिक्षणाबद्दल फारसा आदर नाही. पण भाचीला एकटी कशी सोडायची, या एका प्रश्नापुढे हे सगळं तिनं गुंडाळून ठेवलं.

कोणाला या वाटेनं जायचं असेल तर सांगते. मुंबईहून सकाळची बोट धरा आणि धक्क्यावर तासभर आधी पोचा. डेकवर सतरंजी आधी पसरेल त्याची जागा, तिथे तिकिटाला कोणी विचारत नाही. इंजिनाजवळ बसू नका, तेलाच्या वासानं निम्मी माणसं तिथेच आडवी होतात. लिंबू, आवळासुपारी आणि कोरडे पोहे जवळ ठेवा. आत्यानं यातलं सगळं आणलं होतं आणि हर्णै बंदर यायच्या आतच सगळं संपवलं. त्यानंतर जयगडपर्यंत ती डोळे मिटून पडून होती आणि मधूनमधून माझ्या वडिलांना दोष देत होती. मी कठड्याला टेकून किनारा बघत होते. डोंगर, खाडीचं तोंड, माडांची रांग, पुन्हा डोंगर. इतका सुंदर किनारा मी तोवर पाहिला नव्हता, हे मोकळेपणानं सांगते.

रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नाही. समुद्रातच उभी राहते आणि पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, येऊन माणसं उतरवून नेतात. लाटेवर पडाव वर आला की पाय टाकायचा. चुकला तर पुढच्या लाटेची वाट बघायची. आत्या तीन लाटा तशीच उभी राहिली.

"आजीबाय, समुद्र काय थांबायचा नाय. तुमीच या," खालून पडाव हाकणारा तांडेल म्हणाला, आणि तिचा हात धरून त्यानं तिला अलगद उतरवून घेतलं. आजी म्हटल्याचा राग तिनं पुण्याला परत येईपर्यंत धरला.

रात्र धर्मशाळेत काढून सकाळी भाट्याच्या खाडीवर गेलो. तरीच्या होडीला माणशी दोन पैसे. पलीकडे बैलगाड्या उभ्या असतात, भाडं आधी ठरवून घ्या. वाट किनारा सोडून सड्यावर चढते. जांभ्या दगडाचा तो उघडा माळ पावसाळा सरल्यामुळे वाळल्या गवतानं सोनेरी दिसत होता. मध्येच उतार आला की हापूसच्या बागा आणि गारवा. सूर्य डोक्यावर यायच्या आत पावसला पोचलो.

शंकररावांचे थोरले भाऊ धोंडूतात्या ओटीवर वाटच बघत होते. त्यांची बायको, जिला सगळं घर काकी म्हणायचं, पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. माझी जी बडदास्त ठेवली गेली, तिची मला लाज वाटते. पुण्याची शिकलेली बाई आली म्हणून मला बायकांत न बसवता ओटीवर पाट मांडून तात्यांच्या पंगतीला बसवलं. पानात पांढराशुभ्र, बारीक तांदळाचा भात, कुळथाची पिठी, तळलेला बांगडा, वर सोलकढी. आत्याला मात्र काकीनं आत, चुलीजवळ उबेला बसवलं. पानात तेच वाढलं. जेवून ती म्हणाली, "तांदूळ आपल्यापेक्षा चांगला आहे हो यांचा." मीही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी खार दाखवला. मातीचा लांब बांध, त्याला लाकडी झापडाची उघाडी. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं झापड आपोआप मिटतं, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर पडतं. भात कापून झालेलं होतं. खुंटांच्या मधे माती सुकली होती आणि तिच्यावर मिठाची पांढरी साय धरली होती. मी ती बोटानं चाटून पाहिली. माझ्या कुंड्यांत मी जेवढं मीठ घातलं होतं, त्यापेक्षा ही माती कमी खारट मुळीच नव्हती. आणि इथे पीक आलं होतं, खुंट समोर दिसत होते.

"तात्या, या शेतातलं बी मला हवंय. हेच, दुसरं नको."

"व्हय व्हय, देतो की," तात्या म्हणाले, आणि घरी आल्यावर माळ्यावरून पेंढ्यात बांधलेली मुडी काढून त्यांनी माझ्यापुढे ओंजळभर भात ओतलं. मी दाणा सोलला. पांढरा.

"हे खारातलंच ना?"

"आमच्याच शेतातलं हाय," तात्या म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायचं आहे म्हणून उठून गेले. मी चिडले. माणूस खोटं बोलत नव्हता, पण खरंही सांगत नव्हता. बियाणं पाठवणाऱ्या सहा घरांतलं तात्यांचं एक; त्याच दुपारी उरलेल्या पाचही घरी जाऊन आले. प्रत्येक घरात चहा मिळाला, पोहे मिळाले, ओंजळभर पांढरं भात मिळालं. सहाव्या घरातून निघताना मला रडू फुटायचंच बाकी होतं. शंकररावांवर विश्वास ठेवावा, तर पुरावा नाही. आणि नाही ठेवावा, तर तो खुंटांनी भरलेला खार डोळ्यांपुढून हलेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याचं पोट बिघडलं. गरम पाणी मागायला मी ओटीवरून न हाक मारता सरळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. काकी आणि तिच्या दोन सुना चुलीशी बसून पेज पीत होत्या. मला बघताच काकीनं पेजेच्या मातीच्या परळावर झाकण ओढलं. पण सुनेच्या हातातली वाटी मला दिसली. पेज तांबडी होती, भिजवलेल्या विटेच्या रंगाची.

"बाय, तू हितं कशास आलीस? हाक मारायचीस," काकी म्हणाली.

"काकी, ही पेज कसल्या तांदळाची?"

"ती काय... आमच्यापुरती. कामाच्या मानसांस जाडं बरं पडतं."

"खारातल्या भाताची?"

काकीनं झाकण आणखी घट्ट बसवलं. धाकटी सून खाली बघून हसली.

"मला वाढा एक वाटी."

"पावन्यास ह्ये कोन वाढतं? लोक काय म्हनतील, धोंडूच्या घरी पुन्याची बाई आली आनि तांबडी पेज पिऊन गेली?"

मी तिथेच मातीच्या जमिनीवर बसले. पाहुणीची जागा ओटीवर असली तरी इथून मी हलणार नव्हते. मग हळूहळू सगळं कळलं. कचेरीतून निरोप आला होता की साहेबाला भाताचा नमुना पाठवायचा आहे. "तलाठ्यानं सांगितलान, खारातलं द्या," काकी म्हणाली. "आता सायबाकडे जायचं म्हंजे आमी काय जाडंभरडं देनार? गोड्या पान्याच्या मळ्यातलं चांगल्यातलं चांगलं निवडून दिलं. सगळ्यांनीच तसं दिलान." सहा घरांनी, एकमेकांना न विचारता, त्याच एका लाजेपोटी आपलं उत्तमातलं उत्तम मला दिलं होतं. आणि मी ते मिठात मारून, तुमचं भात मिठात मरतं असं लिहिलं होतं.

तेवढ्यात तात्या आत आले. मी त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. त्या निबंधावरून खारात बाहेरचं बी येणार आहे, हेही सांगितलं. तात्या उंबऱ्यावर टेकले.

"गेल्या साली बांध फुटला तवा खारात बारा दिवस समुद्र होता," ते सावकाश म्हणाले. "ह्ये तांबडं जगलं. तुमचं दुसरं बी जगंल काय?"

"नाही जगणार. म्हणून तर आलेय."

काकीनं परळावरचं झाकण काढलं आणि मला वाटी भरून पेज दिली, वर मिठाचा खडा आणि भाजलेली सुकट. जाड, किंचित गोडसर, दाताखाली दाणा लागणारी ती पेज मी दोन वाट्या प्यायले. ओटीवरच्या पंगतीत मला हे जेवण कधी मिळालं नसतं.

तात्यांच्या घरचं तांबडं बी घेतलं आणि त्या दिवशी पुन्हा ती पाच घरं फिरले. या वेळी काकी बरोबर होती, आणि मी ओटीवर थांबले नाही. प्रत्येक घरी आधी पांढरंच पुढे यायचं. मग काकी म्हणायची, "तसलं नको गे. चुलीवरचं दाखीव." बाईचा चेहरा ओशाळा व्हायचा, मग ती आत जायची आणि कणगीच्या तळातून तांबड्या दाण्याचं भात आणायची. एका घरी म्हातारबाई काही केल्या तयार होईना. तिथे संध्याकाळ झाली. आम्ही तिचं अंगण झाडलं, पोफळीची पानं उचलली, आणि दिवेलागणीला तिनं स्वतःहून ओंजळ पुढे केली. घरटी एक पुडी, प्रत्येकीतले दोन-चार दाणे सोलून तपासलेले, वर घराचं नाव.

परतीला बोट नको, असं आत्यानं ठासून सांगितलं. म्हणून रत्नागिरीहून मोटारीनं आंबा घाटातून कोल्हापूर आणि पुढे रेल्वेनं पुणे. घाटात मोटार लागणाऱ्यांनी पुढची जागा मागून घ्यावी, आणि खिडकीशी बसायचं तर धूळ खायची तयारी ठेवावी. पुड्या मी सगळा प्रवास मांडीवर धरल्या होत्या. कराडच्या आसपास आत्या म्हणाली, "इतकं जपून तू स्वतःची चूक घेऊन चालली आहेस." ते खरं होतं.

सरांनी पुड्या पाहिल्या, दाणे पाहिले. मग म्हणाले की निबंध छापून गेला तरी कोणी पावसला जाऊन दाणे सोलणार नाही. हे नवीन काम पुढे वेगळा निबंध म्हणून करता येईल. त्यांचा हेतू वाईट नव्हता, माझं वर्ष वाचावं एवढंच त्यांना वाटत होतं. फाल्गुनात माझी शिष्यवृत्ती संपत होती. भात पेरायला ज्येष्ठाची वाट बघावी लागणार, म्हणजे पदवी वर्षभर लांब. मी निबंध मागे घेतला. वर्षभर मुलींच्या शाळेत शिकवलं, आणि पावसाळा लागला तसं ते तांबडं भात त्याच कुंड्यांत, तेवढंच मीठ घालून पेरलं.

आठव्या दिवशी रोपं हिरवी होती. विसाव्या दिवशीही. शंकरराव रोज सकाळी केर काढण्याआधी कुंड्यांपाशी उभे राहायचे, आणि मी आले की बाजूला व्हायचे. भाद्रपदात पहिली लोंबी निसवली तेव्हा मी सरांना बोलावण्याआधी त्यांना बोलावलं.

प्रबंध लिहायला घेतला तेव्हा पहिलंच वाक्य मी असं लिहिलं: याच विषयावरचा माझा पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता, आणि चूक शेतकऱ्यांची नसून माझी होती. सरांनी ते तांबड्या पेन्सिलीनं खोडलं, शास्त्रीय लेखनात याची गरज नसते म्हणून. मी मसुदा पुन्हा लिहिला आणि वाक्य होतं तिथेच ठेवलं. त्यांनी पुन्हा खोडलं. मी तिसऱ्यांदा लिहिलं आणि समोर नेऊन ठेवलं. सर ते वाक्य वाचत बसले, माझ्याकडे बघितलं, पेन्सिल बाजूला ठेवली आणि टाक उचलून सही केली.