आवाजाचं फिजिक्स, घरबसल्या

बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी एका जाहिरात कंपनीत मराठी मजकूर तपासायचं काम करत होते. वय पस्तिशीकडे झुकलेलं, लग्न केलेलं नाही, घर गिरगावात आईबाबांबरोबर. बाबांचे हात-पाय लवकर सुधारले. बोलणं मात्र परत आलं नाही. त्यांना समजायचं सगळं, पण तोंडून भलताच शब्द यायचा. चहा हवा असला की ते ‘खिडकी’ म्हणायचे. आपण चुकलो हे त्यांना त्याच क्षणी कळायचं आणि मग ते दिवसभर काही बोलायचेच नाहीत.

परळच्या हॉस्पिटलमध्ये त्यांना शिकवायला एक स्पीच थेरपिस्ट होती, माझ्याहून बरीच लहान. टेबलावर पेला ठेवून ती म्हणायची, “काका, पहिलं अक्षर मी म्हणते, पुढचं तुम्ही. घाई अजिबात नाही.” बाबा ओठ जुळवायचे, सोडायचे, पुन्हा जुळवायचे. मी भिंतीपाशी बसून बघायचे. शब्दांवरच माझं पोट चालत होतं, पण शब्द तोंडात कसा तयार होतो याचा विचार मी कधी केला नव्हता.

एकदा बाबांना बाहेरच्या बाकावर बसवून मी तिला विचारलं, हे शिकायला काय लागतं.

“बारावीला सायन्स होतं का?”

“आर्ट्स. पुढे मराठीत बी.ए.”

“मग इथे अवघड आहे,” ती म्हणाली. “परदेशात काही विद्यापीठं कुठल्याही ग्रॅज्युएटला घेतात. फक्त आधी बायॉलॉजी आणि फिजिक्सचे क्रेडिट दाखवावे लागतात. ते ऑनलाइन करता येतात म्हणे. तुम्ही चौकशी करा.”

मी चौकशी सुरू केली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि फोन दुसऱ्या बाजूला. ‘स्वतःच्या गतीने शिका’ असं सांगणारे पुष्कळ कोर्स होते आणि वरवर सगळे सारखेच दिसत होते. फरक कळायला वेळ लागला. एक कोर्स सगळ्यांत स्वस्त आणि झटपट होता. मनात आणलं तर महिन्याभरात संपवता आला असता. पण तो मार्क देत नव्हता, नुसता पास किंवा नापास, आणि क्रेडिट कुठल्यातरी दुसऱ्या संस्थेच्या शिफारशीवर मिळणार. दुसऱ्याचे व्हिडिओ फार देखणे. त्यातले प्रयोग मात्र स्क्रीनवरच, माऊसने बेडूक कापायचा. तिसरा एका छोट्या कॉलेजचा स्वतःचा कोर्स होता. रीतसर मार्क, रीतसर गुणपत्रक, प्रयोगाचं सामान पोस्टाने घरी. तो महाग होता आणि त्याची वेबसाइट जुनाट दिसत होती.

पहिल्या कोर्सच्या चॅटवर मी विचारलं, हे क्रेडिट विद्यापीठं मानतात का. उत्तर आलं, बहुतेक सगळी मानतात. दुसऱ्या कुणाच्या मजकुरात ‘बहुतेक’ दिसला असता तर मी त्याखाली लाल रेघ मारली असती. इथे मारली नाही. फिजिक्ससाठी पैसे भरले आणि तीन आठवड्यांत पास झाले. मग जिथे अर्ज करायचा होता त्या विद्यापीठाला विचारलं. त्यांनी नम्रपणे कळवलं की मार्क नसलेला कोर्स ते धरत नाहीत, आणि बायॉलॉजीला हाताने केलेले प्रयोग लागतील.

आई म्हणाली, “आधी त्यांना विचारायचं ना.”

तिचं बरोबर होतं. मी दोन्ही विषयांसाठी तिसऱ्या कोर्सला नाव घातलं.

सामानाचा खोका कस्टममध्ये बराच काळ अडकला. आला तेव्हा त्यात काचेच्या पट्ट्या, एक छोटा मायक्रोस्कोप, स्प्रिंग आणि एक नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, होता. हृदयाचा प्रयोग मात्र जवळपास मिळणाऱ्या कुठल्याही जनावराच्या हृदयावर केला तरी चालेल असं लिहिलं होतं. मी खाटकाकडून बोकडाचं हृदय आणलं, ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि झडपा शोधल्या. आई शेजारी वांगी चिरत होती. “कालवणात जातं ते कापायला कॉलेज कशाला लागतं,” एवढंच ती म्हणाली. बाबा खुर्ची ओढून बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. नादकाट्याचा प्रयोग मी त्यांच्याबरोबरच केला. तो टेबलाच्या कडेवर आपटून त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याचं टोक हनुवटीला लावलं आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

फिजिक्सची शेवटची परीक्षा घरूनच, पण पहाऱ्यात. परदेशात बसलेली एक बाई माझ्या कॅमेऱ्यातून खोली बघणार. मी लॅपटॉप फिरवून तिला कपाट, पलंगाखालची जागा, दाराची मागची बाजू दाखवली. खोलीत दुसरं कुणी नको, दुसऱ्या कुणाचा आवाज नको. आमच्या दोन खोल्यांत हे जमवायला आईने बाबांना चौपाटीवर न्यायचं ठरवलं होतं.

निम्मा पेपर झाला होता. दार उघडलं आणि बाबा आत आले. ऊन सोसलं नाही म्हणून ते अर्ध्या वाटेवरून परतले होते. आई जिन्यात मागे राहिली होती. ते माझ्या पलंगावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, “पंखा लाव.”

मी वळून पाहिलं. झटक्यानंतर दोन शब्द जागच्या जागी आलेले मी ऐकले नव्हते.

“काय म्हणालात?”

“पंखा,” ते म्हणाले, थोडे वैतागून. “लाव.”

कानात त्या बाईचा आवाज आला. नियमाप्रमाणे परीक्षा इथेच थांबवावी लागेल, तिला वाईट वाटतं. मी बरं म्हटलं आणि उठून पंखा लावला.

आई धापा टाकत वर आली. “गेली परीक्षा?”

“गेली.”

“माझंच चुकलं. त्यांना खालीच धरून ठेवायला हवं होतं.”

“ते बोलले,” मी म्हणाले. “पंखा लाव म्हणाले.”

आई बाबांकडे बघत उभी राहिली. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. पुढच्या परीक्षेची तारीख मागायची माझी इच्छा त्या दुपारी नव्हती, कंटाळाही होता. आम्ही तिघं जेवलो आणि झोपलो.

कॉलेजने परीक्षा पुन्हा घेऊ दिली. ती मी शीवला मावशीच्या रिकाम्या बेडरूममध्ये दिली. मार्क बेताचे पडले, पण चालण्याइतके होते. विद्यापीठाने दोन्ही विषय धरले आणि प्रवेश दिला.

पहिल्या वर्षी मी गेले नाही. बाबांचा बोलण्याचा सराव रोज कुणीतरी घ्यावा लागत होता. विद्यापीठाने जागा एक वर्ष राखून ठेवली. तेवढ्यात आईने परळच्या त्या मुलीकडून सगळे व्यायाम शिकून घेतले. आई माझ्यापेक्षा चांगली शिकवायची. बाबा उत्तर चुकले की मी लगेच बरोबर शब्द सांगून मोकळी व्हायचे. ती भाजी निवडत थांबून राहायची.

आता माझं पहिलं सत्र संपलंय. वर्गात बाकीचे माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत. आवाजाच्या लहरी त्यांना पटकन समजतात, मला दोनदा वाचावं लागतं. रविवारी घरी व्हिडिओ कॉल करते. बाबा छोटी वाक्यं बोलतात, माणसांची नावं अजून येत नाहीत. मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, “तिथे मासे मिळतात?” मिळतात, मी म्हटलं, पण बोंबील नाहीत. ते आईकडे वळून काहीतरी म्हणाले आणि दोघं हसले. काय म्हणाले ते मला नीट ऐकू आलं नाही.