सुमनने न विकलेली होडी

व्हिएतनाममध्ये माझ्या बायकोने एक होडी विकली, असं मी गेली नऊ वर्षं सांगत आलोय. ती मी विकली. होडी आमच्यापैकी कुणाचीच नव्हती, हा मुद्दा वेगळा.

टेक्ससमधल्या आमच्या शुगर लँड गावातल्या मराठी घरांत ‘सुमनवहिनींची गुढी’ ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मीच पाठ करून घेतली! सुमनला जाऊन आता पाच महिने झाले. तिच्या शोकसभेतही कुणीतरी ती गोष्ट काढली. लोक डोळे पुसता पुसता हसले, आणि पहिल्या रांगेत बसलेला खरा गुन्हेगार मान डोलावत म्हणाला, “हो, अशीच होती ती.” त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. (तसंही स्वतः केलेलं ते कुठे गोड लागतंय म्हणा!) म्हणून आता लेखी देतो.

मी रिटायर झाल्यावर आमच्या लेकीने, मुक्ताने, आम्हाला ही ट्रिप दिली होती. सकाळी सकाळी होडीत बसून नदीवरचा तरंगता बाजार बघायचा. शेकडो होड्या! या होडीतून त्या होडीत भाजी, फळं, कॉफी, नूडल्सचे वाफाळते वाडगे. प्रत्येक होडीवर उंच बांबू आणि त्याच्या टोकाला काही ना काही टांगलेलं: इथे अननस, तिथे भोपळा. आमचा नावाडी तुआन (होडी त्याची, गाइडही तोच) त्यामागची पद्धत इंग्रजीत समजावून सांगत होता. सुमन कान देऊन ऐकत होती. मी व्हिडिओ काढत होतो. नंतर पाहिलं तर त्यात वीस मिनिटं फक्त माझा अंगठा होता.

आणि त्या दिवशी होता गुढीपाडवा.

“सुमन, पाडवा आणि समोर बांबू! याहून मोठा योग कोणता?”

“अहो, मनातल्या मनात नमस्कार करा. गुढी घरी गेल्यावर उभारू.”

“इतकी वर्षं टेक्ससमध्ये पडद्याच्या दांडीवर गुढी उभारली. आज खरा बांबू मिळालाय!”

तुआन आमच्यासाठी नूडल्स आणायला शेजारच्या होड्यांवरून उड्या मारत गेला होता. (‘नो फिश, नो चिकन, नो एग’ हे सुमनने त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं.) मी कामाला लागलो. होडी ढकलायचा बांबू पुढे उभा बांधला. सुमनचा जरीकाठी स्टोल, वर उपडा स्टीलचा पेला. साखरेच्या गाठीऐवजी हॉटेलातल्या साखरेच्या पुड्या दोऱ्यात ओवलेल्या. (त्या मी आदल्याच दिवशी ओवून ठेवल्या होत्या. म्हणजे गुन्हा पूर्वनियोजित!) राहिला कडुलिंब. तो कुठून आणणार? होडीच्या तळाशी नारळाची झावळी पडली होती. तिचाच तुकडा बांधायला घेतला.

“अहो, पाला नका बांधू. मघाशी तुआन म्हणाला ना, की...”

“तुला काय कळतंय त्याचं इंग्लिश?”

आणि मी पाला बांधला.

दोन मिनिटांत एक होडी आम्हाला येऊन खेटली. तिच्यातल्या गृहस्थाने गुढीकडे पाहून मान लववली. मी भारावलो! “हॅपी न्यू इयर!” म्हणून हात जोडले. तो आमच्या होडीत उतरला, फळ्या ठोकून पाहिल्या, इंजिनावरचं झाकण उघडून आत डोकावला. ‘बघ, परक्या माणसाला आपल्या सणाची केवढी उत्सुकता,’ असं मी सुमनला म्हणणार, तोच दुसऱ्या बाजूने एक बाई चढल्या. दोघांत जोरात बोलणं सुरू झालं. ते जे जे म्हणतील त्याला मी हसून मान डोलावत होतो. शेवटी गृहस्थाने माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. मीही हलवला.

“अहो, तो सामान ठेवतोय!”

खरंच! कांद्याची टोपली सुमनच्या मांडीवर आणि एक जिवंत कोंबडी माझ्या बुटांवर! तेवढ्यात दोन वाडगे सांभाळत तुआन परतला. त्याने कोंबडी पाहिली, पाला पाहिला आणि मटकन बसला.

“सर, यू सोल्ड माय बोट!”

भोपळा टांगला की भोपळा विकायचा. पण झाडाचा पाला टांगला, तर खुद्द होडीच विकायची. हेच तो सकाळपासून सांगत होता.

“हू टाय लीफ?” तुआनने विचारलं. त्याचं पोट त्या होडीवर होतं.

माझं बोट उठलं ते थेट सुमनकडे. “हर फेस्टिव्हल,” मी म्हणालो.

सुमनने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग उठून तुआनला “सॉरी” म्हणाली, स्वतः गुढी उतरवली आणि साखरेची एकेक पुडी सगळ्यांच्या हातावर ठेवली. तिचा चेहरा पाहून तो गृहस्थही हसला आणि कोंबडी परत घेऊन गेला.

तिथेच मी खरं सांगायला हवं होतं. उलट घरी येऊन दर गणपतीला, दर पार्टीत मी सुमनची नक्कल करू लागलो. लोक तिला म्हणायचे, “काय वहिनी, आमची जुनी टोयोटा विकून द्या की!” ती फक्त हसायची. एकदाही ‘मी नाही, यांनी’ म्हणाली नाही.

परवा पाडवा झाला. एकट्यासाठी गुढी उभारावीशी वाटेना. मुक्ता रेडमंडला राहते, तिला फोन लावला आणि पहिल्यांदाच सगळं कबूल केलं.

“बाबा,” ती म्हणाली, “वी नो.”

“वी म्हणजे कोण?”

“एव्हरीबडी. आईने तेव्हाच सांगितलं होतं. मला, सगळ्या काकूंना. म्हणाली, बाबांना कळू देऊ नका. रिटायर झाल्यापासून ते एवढे खुश फक्त ही गोष्ट सांगतानाच दिसतात.”

म्हणजे नऊ वर्षं सगळा हॉल मला हसत होता, आणि मी वाकून वाकून टाळ्या घेत होतो!

तेव्हा माझी ही कबुली नवी आहे ती फक्त तुम्हालाच. हसायचं तर जरा मोठ्याने हसा. आमच्या घरी सध्या फारच शांतता असते.