कात्रीबाबूंची खुर्ची

देवमन तायडे पैसे खातात की नाही, हे आमच्या अमरावतीच्या कचेरीतलं जुनं कोडं होतं. मी त्रेसष्ट साली तिथं टाइपिस्ट म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सहदेवभाऊंनी मला सावध केलं. सहदेवभाऊ नेमणुका-बदल्यांची शाखा सांभाळायचे आणि फावल्या वेळात सगळ्यांच्या बातम्या. ते म्हणाले, "बाई, तो कोपऱ्यात बसते ना, तो कात्रीबाबू. कोनाचा चहा पेत नाही. जो चहा पेत नाही तो मोठा घास घेते, ध्यानात ठेवा."

मला ते पटलं. मी अकोटची, जिनिंगच्या आवारात वाढलेली. वजन वाढवायला कापसावर पाणी मारणारे मी पाहिले होते, आणि पाणी पकडणाऱ्यालाच चोर म्हणणारेही पाहिले होते. माणूस सरळ दिसला की आधी त्याच्याकडे दोनदा बघावं, ही आमच्या घरची शिकवण. म्हणून मी तायडेंवर नजर ठेवली. ते दुपारी ज्वारीची भाकर आणि ठेचा फडक्यातून काढायचे, भिंतीकडे तोंड करून खायचे आणि फडकं झटकून घडी घालायचे. एवढ्यात काही सापडण्यासारखं नव्हतं. त्यामुळे माझा संशय वाढलाच.

त्यांचं काम अंदाजपत्रकाचं. दर हिवाळ्यात जिल्ह्यातले सगळे विभाग पुढच्या वर्षाच्या मागण्या पाठवायचे. शाळांना काळे फळे, दवाखान्यांना कौलं, बांधकामाला मुरूम. त्यांतली खरी गरज किती ते शोधायचं, बाकीचं कापायचं आणि उरलेलं निवडून आलेल्या सभासदांच्या सभेपुढे ठेवायचं. तायडे कापणार हे ठाऊक असल्यामुळे सगळे दुप्पट मागत. त्या जादा मागणीला कचेरीत नावच पडलं होतं, 'कात्रीचं'. "तीन कपाटं आपली, तीन कात्रीची, सहा लिवा," असं बाबू लोक उघड बोलत. तायडेंनाही ते ठाऊक होतं. त्यामुळे ते कागदावरच्या कशावरच विश्वास ठेवत नसत.

एकदा भातकुलीच्या गुरांच्या डॉक्टरांनी नवी सायकल मागितली. जुनी चालत नाही म्हणे. तायडे एस.टी.नं भातकुलीला गेले आणि ती न चालणारी सायकल चालवत अमरावतीला परत आले. मागणी कापली. डॉक्टरांना आपली सायकल न्यायला एस.टी.नं यावं लागलं, ते सगळ्यांसमोर शिव्या घालून गेले. तायडेंनी शांतपणे सांगितलं, "चैन सैल हाय. तेवढी करून घ्या."

घरीही तेच. त्यांची बायको पंचफुलाबाई एकदा मला इतवाऱ्याच्या बाजारात भेटली. एक लुगडं हवं असलं की मी दोन मागते, असं हसत म्हणाली. "एक ते कापते. कापल्याबगर त्याले जेवन जात नाही, बापा."

अशा माणसाला पुढे काय वाट? तोच तर प्रश्न होता. तायडे मॅट्रिक होऊन नोकरीला लागले तेव्हा आम्ही नागपूरच्या राज्यात होतो. मग मुंबईच्या राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. कचेरीवरची पाटी बदलली, साहेब बदलले, पण तायडे होते तिथंच. त्यांच्या मागून लागलेले बांधकामात, शिक्षणात गेले आणि वर चढले. अंदाजपत्रकाच्या टेबलाला वरची जागाच नव्हती, आणि दुसरीकडच्या बढतीसाठी ज्यांनी शिफारस करायची, त्या प्रत्येकाचं तायडेंनी कधी ना कधी काहीतरी कापलेलं. सहदेवभाऊ नव्या पोरांना सांगत, "कोठीही जा लेकहो, त्या टेबलावर जाऊ नका."

तायडेंना बढती नको होती असं मात्र नाही. त्यांना ती फार हवी होती, आणि त्याचं कारण होतं त्यांचे वडील.

पुंजाजीबाबा भातकुलीकडच्या एका खेड्याचे जुने कोतवाल. तहसिलीच्या दाराबाहेर उभं राहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आतलं काही ऐकू येत नसे, पण दिसत असे. कोण स्टुलावर बसतो, कोण नुसत्या खुर्चीवर, आणि कोण हातांच्या खुर्चीवर, हे त्यांनी उन्हात उभं राहून पाठ केलं होतं. छप्पन साली नागपूरला जाऊन बुद्धाचे होऊन आले, तेव्हापासून म्हातारा कोणाच्या दारात वाकला नाही. पण खुर्चीचं त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी अमरावतीला आले की कचेरीच्या दारात उभे राहून मोठ्यानं विचारायचे, "देवमन, खुर्चीले हात आले का रे?"

आमच्याकडे हातांची खुर्ची अधीक्षकापासून पुढे मिळायची. तायडे मान खाली घालून म्हणत, "नाही बा, अजून नाही." सगळी कचेरी हसायची. मला हसू यायचं नाही. त्या प्रश्नानंच माझा तायडेंवरचा संशय पहिल्यांदा पातळ झाला. पैसे खाणाऱ्या माणसाच्या बापाला खुर्चीची काळजी नसते, तो पोराच्या घरावरची कौलं मोजतो.

पासष्टच्या हिवाळ्यात मागण्या आल्या, त्यात सहदेवभाऊंच्या शाखेकडून एक ओळ होती. मुख्य कचेरीसाठी अधीक्षकाची एक नवी जागा. कुठल्या शाखेत ते नाही, कशासाठी ते नाही. तायडे उठून सहदेवभाऊंच्या टेबलाशी गेले.

"हे कोनाची हाय?"

"मले काय मालूम? वरून आली."

'वरून' हा शब्द ऐकला आणि तायडेंचा चेहरा कडू झाला. मीही मनात म्हटलं, संपलं. त्या वर्षी एका वजनदार सभासदाचा भाचा कचेरीत फार घिरट्या घालत होता. सगळ्यांना खुर्च्या मागं सरकवून नमस्कार करायला लावायचा. तायडेंनी जागेवर येऊन लाल शाईनं रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'गरज दाखवलेली नाही', आणि कागद माझ्याकडे टाइप करायला पाठवला. मी तो मोठ्या आनंदानं टाइप केला.

महिनाभरानं सहदेवभाऊ पोट धरून हसत माझ्याकडे आले. "बाई, लाख रुपयाची बात सांगू? कात्रीबाबूनं सोताचीच बढती कापली!"

झालं होतं ते असं. आमचे लेखाधिकारी साहेब पुण्याकडचे, नियमानं वागणारे. जानेवारीत त्यांची अकोल्याला बदली झाली. तायडेंची सेवाज्येष्ठता बघून त्यांनी जाण्याआधी ती जागा सुचवली होती. पण कागद तपासायला तायडेंकडेच जाणार, म्हणून त्यांना सांगणं साहेबांना बरं वाटेना. नाव, शाखा काहीच न लिहिता त्यांनी ते सहदेवभाऊंमार्फत पाठवलं. आणि हे सहदेवभाऊंना पहिल्यापासून माहीत होतं. त्या क्षणी टाइपरायटर उचलून त्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं.

मी तशीच उठून तायडेंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दोन वर्षं त्यांच्याकडे बघत होते.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"सहदेवभाऊंनी."

"मंग तं नक्कीच भाच्याची हाय. मी परत घालावी म्हनून हे मायं नाव पुढं करून राहिले. आन बाई, तुमाले यात कोनं घातलं?"

मी रागानं लाल झाले. इतकी की कचेरीतली भाषा विसरून घरची आली तोंडात. "मले कोनी घातलं नाही! तुमच्यासारख्या माणसाचं भलं कराले मले काय येड लागलं?" त्यांनी लाल शाईची दौत बंद केली. मग म्हणाले, "साहेबालेच इचारतो."

रविवारी मी आईला भेटायला अकोटला निघाले होते. बडनेऱ्याला गाडीत चढले, तर तायडे त्याच डब्यात. अकोल्याला उतरून मीही त्यांच्या मागोमाग साहेबांच्या बंगल्यावर गेले. कोणी बोलावलं नव्हतं. पण मला खोटारडी म्हटल्यावर मी खरं ऐकल्याशिवाय एस.टी. धरणार नव्हते.

साहेब व्हरांड्यात होते. त्यांनी आधी चहा मागवला. तायडेंनी घेतला नाही. मी दोन्ही कप घेतले.

"तायडे, ती जागा तुमच्यासाठीच होती," साहेब म्हणाले. "तुम्हीच कापाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी."

तायडेंनी हातातली टोपी इतकी फिरवली की मला भोवळ आली. मग विचारलं, "साहेब, मंग गरज कावून नाही लिवली?"

"काय लिहिणार? तायडे लायक आहेत, असं?"

"ते नाही चालत."

"म्हणूनच लिहिलं नाही. अजून सभा व्हायची आहे. टेबल तुमचं आहे. परत घाला."

परतीच्या वाटेवर, स्टेशनच्या फाट्याशी, मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आता तरी खात्री पटली? घालता ना? ते म्हणाले, "दुसऱ्याची कापलेली मी कधी परत घातली नाही बाई. मायी कशी घालू? लोक म्हन्तीन, पाहा, इतके साल याचसाठी कापत होता."

"लोक तुम्हाला आत्ताही चोर म्हणतात!" मी ओरडले. टांगेवाले बघायला लागले. "मीसुद्धा म्हणत होते!"

त्यावर तायडे पहिल्यांदा हसले. "मले मालूम हाय," म्हणाले. "तुमी माया भाकरीकडं लय पाहत."

त्यांनी ती जागा परत घातली नाही. मार्चमध्ये सभा झाली, अंदाजपत्रक मंजूर झालं, आणि सहदेवभाऊंना पुढचे सहा महिने सांगायला गोष्ट मिळाली. मी तायडेंशी बोलणं टाकलं. अशा माणसाची कीव करावी की त्याला दोन थोबाडीत द्याव्यात, मला समजत नव्हतं. शेवटी दोन्ही मनात ठेवून टाइप करत राहिले.

एप्रिलमध्ये पुंजाजीबाबा आले. दारात उभं राहून नेहमीचा प्रश्न. तायडेंना नेहमीचं उत्तर देता आलं असतं. पण खोटं त्यांना जमत नसे. बापाशी तर नाहीच.

"आली होती बा. मीच कापली."

"कावून?"

"मले वाटलं, दुसऱ्या कोनाची हाय."

कचेरीत खसखस पिकणार असं वाटलं, पण कोणी हसलं नाही. म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून पोराकडे बघत होता. मग बोलला, तेही आज हळू.

"आपल्या वाट्याचं लोकायनं कापलं. माया बापाचं कापलं, मायं कापलं. सोताच्या हातानं सोताचं कापनारा तू पयलाच रे देवमन."

आणि ते तसेच उन्हात एस.टी. स्टँडकडे निघून गेले. तायडे त्यांच्या मागे पळाले. ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्या दिवशी त्यांचं भाकरीचं फडकं सुटलंच नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी माझ्यासमोर त्यांच्या हातचा कागद ठेवला. अंदाजपत्रक शाखेचीच मागणी होती. शाखेनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. तालुक्यांतून येणाऱ्या मागण्या केवढ्या वाढल्या, प्रत्यक्ष जाऊन तपासायला माणूस कसा पुरत नाही, सगळं नीट लिहिलेलं. भातकुलीची सायकलही होती त्यात. खाली मागणी. अधीक्षकाच्या दोन जागा.

मी दोनदा वाचलं. "दोन?"

"एक कात्रीची."

"पण कापणार कोण?"

"मीच," तायडे गंभीरपणे म्हणाले. "पंचफुलानं सांगतलं, दोन मांग."

आणि खरंच, आठवड्यानं तोच कागद तपासणीसाठी त्यांच्याकडे आला, तेव्हा लाल शाईनं त्यांनी एक जागा कापली. सभेत ही गोष्ट पोचली. कात्रीबाबूनं स्वतःच्या शाखेलाही सोडलं नाही, याचं सभासदांना इतकं समाधान वाटलं की उरलेल्या जागेला कोणी हात लावला नाही. त्या भाच्याचा मामासुद्धा गप्प बसला. पण मंजुरी आली तरी मी हुकूम हातात पडेपर्यंत कोणाला शुभेच्छा दिल्या नाहीत. सहदेवभाऊंच्या शाखेतून कागद निघणार होता. दर दोन दिवसांनी मी जाऊन विचारत होते. शेवटी ते वैतागून म्हणाले, "घ्या बाई, टाइप करा तुमीच." मी केला.

खुर्ची सदुसष्टच्या उन्हाळ्यात आली. सागवानी, वेताच्या बैठकीची, हातांची. पुंजाजीबाबांना निरोप गेला. ते आले, दारात उभे राहिले, पण या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. तायडेंनी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि खुर्चीत बसवलं. म्हाताऱ्यानं आधी एक हात हलवून पाहिला, मग दुसरा. वाकून खाली पाय पाहिले. मग डोळे बारीक करून पोराकडे बघितलं. ती नजर मी चांगली ओळखत होते. भातकुलीची सायकल तपासणारी हीच.

"कोनाची काढून आनली?"

"कोनाची नाही बा. नवी हाय."

"नवी? कोनं देल्ली?"

तायडेंनी इकडेतिकडे बघितलं. सहदेवभाऊ ऐकत होते, मी ऐकत होते, सगळी कचेरी काम सोडून ऐकत होती.

"कोनं नाही देल्ली," ते म्हणाले. "म्या मांगतली."

दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून म्हातारा चार वाजताच्या एस.टी.पर्यंत तिथंच बसून राहिला, आणि तायडेंनी त्या दिवशीचं सगळं काम शेजारी उभं राहून केलं.