एका बाईचे सत्त्याऐंशी नंबर

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला गिऱ्हाइकांची नावं पाठ असायलाच हवीत असं कुठे आहे? मशीनकाकांनी पस्तीस वर्षं माणसं मशीनवरून ओळखली. फोनमध्येही तसंच लिहून ठेवलेलं: ‘बाई निळं दार पट्टा सैल’, ‘बाई तिसरा मजला कुत्रं चावतं’, ‘शिंपी जिन्याखालचे दोरा तोडतात’. अशी दीडशे माणसं. खरं नाव एकाचंही नाही.

सुनेला मात्र व्यवस्थितपणाची भारी हौस. कुणाकडे कधी जायचं याची यादी आपोआप निघावी म्हणून तिने कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम बसवला आणि फोनमधली नंबरांची फाइल त्याला जोडून दिली.

“आता दोन्हीकडे एकच यादी, बाबा. इथे बदललं की तिथेही बदलतं.”

“पण बदलायचंय कशाला?” काका म्हणाले. त्यांचं कोण ऐकतंय!

दुसऱ्या दिवशी फोन उघडला, तर दीडशेतले अकरा उरलेले. बाई एक, शिंपी एक. त्या एकट्या बाईच्या नावापुढे सत्त्याऐंशी नंबर! निळं दार गेलं, कुत्रं गेलं, सगळं साफ.

सुनेने दुपारभर डोकं खपवून मेख शोधली. नव्या प्रोग्रॅमला नावाचा पहिलाच शब्द कळत होता. पुढचं त्याने कापलं, उरलेली सारखी नावं एकाच माणसाची समजून एकत्र कोंबली आणि फोनने ती कापाकापी निमूटपणे उतरवून घेतली. राखून ठेवलेली जुनी प्रतही तेवढ्यात ‘ताजी’ झाली होती. तिने दोन्हीकडे तक्रार केली. कॉम्प्युटरवाले म्हणाले, चूक फोनच्या प्रोग्रॅमची. फोनवाले म्हणाले, कॉम्प्युटरच्या.

“सुई म्हणते दोरा वाईट, दोरा म्हणतो सुई वाईट,” काका म्हणाले. “फाटतं ते कापड.”

सुनेचे डोळे भरून आले. ते बघून काकांनी चष्मा पुसला आणि तिच्यासमोर वही सरकवली. “रडतेस काय? तू लिही, मी ऐकतो.”

त्यांनी पहिला नंबर लावला. “मशीनकाका बोलतोय. जरा फोन मशीनजवळ धरा आणि पायडल मारा.”

पलीकडून खडखड ऐकू आली. काकांनी डोळे मिटले. “निळं दार! पट्टा अजून सैलच आहे. बदला म्हटलं होतं ना?”

“अगं बाई!” पलीकडची बाई ओरडली. “तुम्हाला इतक्या लांबून दिसतं?”

मग काकांना चेवच चढला. रोज जेवण झालं की दोघं फोन घेऊन बसायची. एका मशीनचा आवाज ऐकून काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “याला परक्याचा हात लागलाय.”

पलीकडून बारीक आवाजात, “भाचा म्हणाला, मी करून देतो...”

“भाच्याने स्क्रूवर ताकद दाखवलीय. उद्या येतो.”

एका ठिकाणी घर्रर्र असा भलताच आवाज आला आणि पाठोपाठ कुणीतरी ‘आऽऽ’ केलं. “बंद करा!” काका गरजले. “दोन थेंब तेल घाला आधी!”

“तेल कुठे घालू?” पलीकडची मुलगी गोंधळली. “हा दातांचा दवाखाना आहे. खुर्चीत पेशंट आहे!”

सून हसता हसता वहीवर आडवी झाली. काकांनी शांतपणे सांगितलं, “लिही. बाई, दातांच्या.”

नऊ दिवसांत जवळपास सगळे सापडले. वर दुखणाईत आवाजाची तेवीस मशीनंही सापडली, त्यामुळे काकांना महिनाभर उसंत मिळणार नव्हती. शेवटचा एक नंबर उरला. तो उचलला एका म्हाताऱ्या बाईंनी.

“मशीन लेकीकडे गेलं हो,” त्या म्हणाल्या. “आता हातात सुई धरवत नाही. तुम्हाला ऐकवायला माझ्याकडे काहीच नाही.”

काका फोन ठेवणार होते. पण बाईंनी लेकीच्या पहिल्या फ्रॉकची गोष्ट काढली, काकांनी आपल्या पहिल्या मोडलेल्या सुईची. चहा गार झाला. सून पेन घेऊन ताटकळत बसली.

तासाभराने काकांनी फोन ठेवला.

“कोण होत्या?” सुनेने विचारलं.

“कोण जाणे, विचारायचंच राहिलं,” काका कान चोळत म्हणाले. “पण चालतात अगदी सुरळीत.”